मनुबाईचा पैरा

मळेवाडीच्या मनुबाईकडे लांबलांबून माणसं यायची. एकदा माधवनगरहून एक म्हातारा-म्हातारी एसटीनं आली होती. त्यांचा मुलगा गिरणीत कामाला होता आणि गांजाच्या नादी लागला होता. आल्या आल्या म्हातारीनं मनुबाईचे पायच धरले.

"आक्का, तुमी भावाला कंचा पाला दिलासा, तेवढं सांगा. डोंगरात असला तरी हुडकून आणतो."

मनुबाईनं त्यांना पाण्याचा तांब्या आणि गुळाचा खडा दिला. त्यांचं पाणी पिऊन झाल्यावर तिनं विचारलं, "तुमच्यात पैरा किती घरांचा हाय?"

म्हातारा-म्हातारी एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागली. आपण औषध विचारतोय आणि ही बाई शेतीचं काय विचारते, हे त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलेलं होतं. पण मनुबाईकडे दुसरं औषध नव्हतं, आणि होतं ते पुडीत बांधून देण्यासारखं नव्हतं.

मनुबाई उंच, काटक, रंगानं सावळी. चालताना जरा पुढं झुकून चालायची, जणू वाऱ्यातून वाट काढते आहे. नवरा विहिरीच्या कामावर दरड कोसळून गेला तेव्हा तिचं वय विशीतलं होतं आणि पदरात दोन मुली होत्या. ती माहेरी मळेवाडीला आली. आई नव्हती, वडील थकलेले, आणि धाकटा भाऊ मानसिंग अजून शाळेत जायचा. तेव्हापासून घर तिचं आणि रानही तिचं. आष्ट्याच्या अलीकडच्या त्या काळ्या रानात ती ऊस लावायची, मोटेवर उभी राहायची आणि गावच्या पैऱ्यात गड्याच्या बरोबरीनं राबायची.

पैरा म्हणजे आज सगळ्यांनी तुझ्या रानात राबायचं, उद्या तू त्यांच्या रानात. त्यात मजुरी नाही. कुणी लिहून ठेवत नाही आणि कुणी विसरतही नाही. ज्याच्याकडे गडीमाणूस कमी, त्याला सहसा पैऱ्यात कुणी घेत नाही, कारण त्याच्याकडून फिटत नाही. मनुबाई एकटी बाई असून तिला घ्यायला कुणी कधी नाही म्हटलं नाही. अंगात ताप असतानाही ती दुसऱ्याच्या उसाची मोळी बांधायला गेलेली लोकांनी पाहिली होती.

मुली लहान असताना ती त्यांना बांधावर झाडाखाली झोळीत निजवायची. मुलं रडू नयेत म्हणून बायका तेव्हा अफूची कणी द्यायच्या. सगळ्याच द्यायच्या, तीही द्यायची. मोहरीएवढी कणी दुधात उगाळली की पोर दुपारपर्यंत हलायचं नाही. मुली मोठ्या झाल्या, लग्न होऊन गेल्या, पण ती पितळी डबी कोनाड्यात तशीच राहिली.

मानसिंग पलटणीत गेला. एकाहत्तरच्या लढाईत सुरुंगाची कपची त्याच्या मांडीत घुसली. पुण्याच्या दवाखान्यात काही महिने काढून तो घरी आला तेव्हा डावा पाय गुडघ्यात वाकत नव्हता आणि थंडी पडली की हाडात कुणी गिरमिट फिरवतंय असं त्याला वाटायचं. गावानं वेशीपासून हलगी वाजवत त्याला घरी आणलं. बायको राहीबाईनं ओवाळलं. आणि त्याच आठवड्यात तो उशी तोंडात धरून कण्हताना मनुबाईनं ऐकला. तिनं कोनाड्यातली डबी काढली. पोरींना द्यायची तेवढीच कणी त्याला दुधातून दिली. तो लहान मुलासारखा झोपला. मनुबाईला त्या दिवशी फार बरं वाटलं होतं.

ही गोष्ट तिनं कधी लपवली नाही. कुणी विचारलं की सांगायची, "सुरुवात माझ्याच हातानं झाली."

कणीची गोळी झाली, गोळीच्या दोन झाल्या. डबी संपली तेव्हा मानसिंगनं आष्ट्याच्या बाजारातला माणूस शोधला. मग तो दिवसभर ओट्यावर बसायला लागला. डोळे अर्धे मिटलेले, तोंडावर माशा. कुणी हाक मारली तर हसायचा, पण ते हसू हाक मारणाऱ्यासाठी नसायचं. गोळी मिळाली नाही की नाक गळायचं, जांभयांवर जांभया, पायात गोळे, पोटात मुरडा. आणि मग घरातलं जे हाताला लागेल ते बाजारात जायचं. राहीबाईचं डोरलं गेलं त्या दिवशी तिनं मुलीला, सुलाला, कडेवर घेतलं.

ती फलटणकडची. बोलणं मोजकं, पण टोकदार. उंबऱ्यात उभी राहून म्हणाली, "वन्सं, मी सोडून चालले न्हाई. पर बापाच्या तोंडावरच्या माशा हाकत माझी पोरगी मोठी व्हायची न्हाई. तुमी बोलवाल तवा येईन. त्यांचा शब्द मला नगं. तुमचा शब्द चालंल."

एवढं बोलून ती गेली, आणि जाताना ते ओझं मनुबाईच्या डोक्यावर ठेवून गेली.

गावानं आपल्या परीनं उपाय सांगितले. गुऱ्हाळावरचा गुळव्या कोंडीबा, ज्याच्या हातचा गूळ सांगलीच्या पेठेत डोळे मिटून घेत, तो म्हणाला, "माळ घाला त्येच्या गळ्यात."

ओट्यावरून मानसिंगनं डोळे न उघडताच उत्तर दिलं, "कोंडीबातात्या, माळ घालून गोळी खाल्ली तर दोन पापं हुत्यात. सध्या एकच हाय, त्ये बरं."

तालमीतला त्याचा जुना जोडीदार नानासो म्हणाला, "चार दिस कोंडून घालू तालमीत. कसा सुटत न्हाई बघतो." खरंच कोंडलं. दुसऱ्या दिवशी मानसिंगची अवस्था अशी झाली की नानासोनंच दार उघडलं आणि कोपऱ्यात जाऊन स्वतःच रडत बसला. एवढा पहिलवान गडी, पण त्याला ते बघवलं नाही.

शेवटी मनुबाई भावाला बैलगाडीत घालून आष्ट्याला डॉक्टर विष्णुपंतांकडे घेऊन गेली. विष्णुपंत म्हातारे झाले होते, बोलताना चष्म्यावरून बघायचे. त्यांनी आधी पाय तपासला, मग डोळे, मग बराच वेळ काहीच तपासलं नाही, नुसतं मानसिंगशी पलटणीतल्या जेवणाबद्दल बोलत बसले. नंतर मनुबाईला म्हणाले, "एकदम तोडू नका. गोळी थोडी थोडी लहान करायची. तुम्ही गूळ करणारी माणसं, गुळात मळून द्या. पण त्याला सांगून द्या. फसवून दिलंत तर तो तुमच्यावरचा विश्वास सोडेल, गोळी सोडणार नाही. पायाला रोज शेक, तेल, आणि नदीच्या वाळूत चालणं. दुखणं राहिलं तर गोळीही राहील."

"हे सगळं करते," मनुबाई म्हणाली. "बरा हुईल न्हवं?"

"आक्का, खरं सांगू? औषध माझ्याकडं आहे. पण दिवसभर त्याच्याजवळ कोण बसणार? तुम्ही रानात गेलात की तो बाजारात. हे एका माणसाचं काम नाही."

हे शेवटचं वाक्य मनुबाई गाडीत बसून वाटभर चघळत राहिली. एका माणसाचं काम नाही. उसाची तोड एका माणसाची नसते. गुऱ्हाळ एका माणसाचं नसतं. मग तेव्हा आपण काय करतो?

दुसऱ्या दिवशी सकाळी ती घरोघर गेली. पैरा मागायची रीत असते. दारात उभं राहून म्हणायचं, "माझ्यात पैरा हाय, यावं." तिनं तसंच म्हटलं.

नानासो दात घासत होता. "ऊस तर अजून कवळा हाय मनुआक्का. कशाचा पैरा?"

"माणूस सांबाळायचा."

"म्हंजी?"

"आज तुझ्या घरी, उद्या बनुबाईच्या घरी. सकाळी आणून सोडते, दिवा लागायला घेऊन जाते. एकटा सोडायचा न्हाई, बाजाराच्या वाटंला लावायचा न्हाई. जेवायला घालायचं, पाय चोळायचा, बोलत ऱ्हायचं."

"आगं, मानसिंग काय म्हस हाय व्हय, पाळीपाळीनं राखायला?"

"म्हस असती तर तुला इचारलं नसतं. म्हशीला दावं बांधता येतंय."

नानासोची बायको आतून हसली. नानासोनं चूळ भरली आणि म्हणाला, "आण उद्याच. पर आधी सांगतो, माझ्यात वांग्याचं कालवण हाय."

एकाही घरानं नाही म्हटलं नाही. मनुबाईचा आजवरचा राबता सगळ्यांना आठवत होता.

मग गणपती उठल्यापासून मळेवाडीत एक नवीनच पैरा सुरू झाला. सकाळी मनुबाई भावाच्या हातावर गोळी ठेवायची आणि सांगायची, "आज कालच्यापरीस बारीक हाय." तो बघायचा, गिळायचा. काही दिवशी शिव्या द्यायचा. काही दिवशी रडायचा. मग दोघं चालत त्या दिवसाच्या घरी जायची. कुणाच्या घरी म्हातारा त्याच्या पायाला तेल लावायचा, कुणी विटेचा शेक द्यायचं. तालमीतली पोरं त्याला कृष्णाकाठच्या वाळूत चालवायची आणि तो पडला की स्वतःही मुद्दाम पडायची. जुलाब झाले तेव्हा एका घरच्या सुनेनं न सांगता त्याचं धोतर धुवून टाकलं. त्या दिवशी तो जेवलाच नाही, भिंतीकडे तोंड करून बसून राहिला.

बनुबाईच्या घरची पाळी मात्र त्याला भारी वाटायची. बनुबाईच्या चारही मुली सासरी. ती प्रत्येकीच्या सासरची कागाळी क्रमानं सांगायची, सासूपासून म्हशीपर्यंत. एकदा मानसिंग मध्येच म्हणाला, "काकू, तिसरीच्या दिराचं काल ऱ्हायलं हुतं."

बनुबाईला इतका आनंद झाला की तिनं त्याला दुधाचा दुसरा पेला दिला. "बग, ध्यान हाय पोराचं! आमच्या ह्यांनी बत्तीस वर्सांत एकदा इचारलं न्हाई."

दिवाळीपर्यंत गोळीत नुसता गूळ राहिला. मग गोळीही राहिली नाही. मानसिंगच्या गालावर मांस आलं. डोळे पुरते उघडले. गाव एवढं खूश झालं की तालमीत त्याला खुर्चीवर बसवून हार घातला, नारळ दिला. आणि मनुबाईनं नानासोच्या तोंडी फलटणला निरोप पाठवला, "ये. बरा झालाय." राहीबाईनं उलटा निरोप दिला, अमुक दिवशी सकाळच्या गाडीनं येते.

इथंच गावाची चूक झाली, आणि ती चूक चांगुलपणापोटी झाली.

तोडणीचा हंगाम सुरू झाला होता. राहीबाई यायच्या आदल्या दिवशी पैरा बनुबाईच्या रानात होता. सगळं गाव कोयते घेऊन उसात शिरलं. मानसिंगनंही एक कोयता उचलला. बनुबाईच्या थोरल्या मुलानं तो त्याच्या हातातून काढून घेतला.

"आवं मानसिंगदा, तुमी कुठं? तुमी बसा."

"दोन ऊस तोडतो की रं."

"गाव थुकंल आमच्या तोंडावर. लढाईतनं आलेला माणूस, दुखण्यातनं उठलेला! बसा तिकडं निवांत."

आंब्याखाली घोंगडं अंथरलं होतं. तिथं त्याला बसवलं. कुणी रस आणून दिला, कुणी भाजलेल्या शेंगा. समोर ऊस सपासप पडत होता, माणसं एकमेकांना टोमणे मारत होती, कोण मागं राहिलं, कोण पुढं गेलं. त्याला कुणी टोमणा मारला नाही. जो तो जाता येता "बरं हाय न्हवं?" विचारायचा आणि उत्तराची वाट न बघता पुढं जायचा.

भाकरीच्या वेळेला घोंगडं रिकामं होतं. दिवेलागणीला तो आष्ट्याच्या वाटेनं परत आला. डोळे अर्धे मिटलेले होते. मनुबाईला जवळ जाऊन बघायची गरज पडली नाही.

सकाळी ती फाट्यावर जाऊन उभी राहिली. एसटी आली. राहीबाई उतरली, हातात ट्रंक, कडेला सुला. पोरगी वर्षभरात उंच झाली होती, तिनं आत्याला ओळखलं आणि लाजून आईच्या खांद्यात तोंड लपवलं.

मनुबाईला क्षणभर वाटलं, सांगू नये. घरी न्यावं. आठ दिवसांत पुन्हा बरा होईल. पण राहीबाईनं नवऱ्याचा शब्द मागितला नव्हता, हिचा मागितला होता.

"राही, ट्रंक खाली ठेवू नगंस," ती म्हणाली. "काल त्येनं खाल्ली. माझा शब्द खोटा पडला."

फाट्यावरच्या हॉटेलात दोघी बसल्या. चहा आला. सुलानं बशीतून पिताना फ्रॉकवर सांडला, तो राहीबाईनं पदरानं पुसला आणि पुसतच राहिली.

"वन्सं, तुमी खोटं बोलला असता तर मी आलेच असते की."

"म्हणूनच बोलले न्हाई."

"मग मी अजून वाट बघते," राहीबाई म्हणाली. परतीच्या गाडीत बसताना तिनं खिडकीतून एवढंच विचारलं, "काल ते काय करत हुते? म्हंजी, दिसभर?"

"काय न्हाई. बसून हुता. लोकांनी लय जपलं त्येला."

गाडी गेली. मनुबाईला आपलंच उत्तर कानात वाजत राहिल्यासारखं झालं.

घरी मानसिंग चुलीजवळ बसला होता. राही आली आणि गेली हे त्याला कळलं होतं. मनुबाईनं भाकरी थापायला घेतली. ओरडायचं ठरवून आली होती, पण तोंडातून निघालं ते वेगळंच. "का रं? पाय दुखला व्हय?"

"न्हाई."

"मग?"

त्यानं चुलीतलं लाकूड आत सारलं. मग एकदम उसळून बोलला. "आक्का, सारं गाव माझ्यासाठी राबलं. माझं धोतर धुतलं लोकांच्या लेकीसुनांनी! मी कुणाचं काय फेडलं? कोयता उचलला तर काढून घेत्यात. देवाला सोडलेला वळू झालोय मी. चरा आन् बसा. पैरा घेऊन न फेडणाऱ्याला गावात काय म्हंत्यात, ठावं हाय न्हवं तुला? तोंडावर म्हणत न्हाईत एवढंच. गोळी खाल्ली की तेवढं तरी इसरतंय."

तव्यावरची भाकरी करपली. मनुबाईचं लक्ष नव्हतं. जन्मभर ती ज्या एका गोष्टीच्या जोरावर गावात ताठ मानेनं राहिली, तीच गोष्ट तिनं भावाला नाकारली होती. एकट्या बाईला कुणी पैऱ्यात घेतलं नसतं, फुकट घातलं असतं खायला, तर ती तरी कशी उभी राहिली असती?

विष्णुपंतांकडे ती पुन्हा गेली. ते रागावले नाहीत. "घसरला. बरं. कुठून घसरला ते कळलंय ना तुम्हाला?"

"कळलं."

"मग मी आता पायाचं बघतो, तुम्ही बाकीचं बघा." त्यांनी पुन्हा थोडे दिवस लहान लहान गोळ्या सांगितल्या, त्याही गुळात मळून.

प्रश्न असा होता की ताठ पायाचा माणूस फेडणार कशानं? उसात वाकता येत नाही. मोळी उचलता येत नाही. गुऱ्हाळावर एकच काम बसून होतं, ते म्हणजे चुलवाणापुढं जाळ घालायचं. जमिनीत खोल खणलेल्या त्या भट्टीच्या तोंडाशी बसून रस काढून वाळवलेली उसाची चिपाडं सारखी आत सारायची. वर काहिलीत रस उकळत असतो. जाळ कमी पडला तर गूळ मऊ राहतो, ढेप बसत नाही. जास्त झाला तर करपतो. जाळ घालणाऱ्यानं डुलकी घेतली तर एका घराचा अख्खा ऊस वाया. आणि डुलकी म्हटलं की गावाच्या डोळ्यांपुढं मानसिंगच यायचा.

मनुबाई कोंडीबाकडे गेली तेव्हा तो काहिलीतली मळी झाऱ्यानं काढत होता. ऐकून त्यानं झारा तसाच वर धरला.

"मनुबाय, तुजं डोस्कं ठिकाण्यावर हाय काय? अफूवाल्याला जाळावर बशीवतीस?"

"पयली काहील माझ्या उसाची. गेला तर माझा जाईल."

"गूळ तुजा जाईल, नाव माजं जाईल!"

"तुमचं नाव एका काहिलीनं जायाएवढं हलकं हाय व्हय, तात्या?"

कोंडीबानं तिच्याकडे रागानं पाहिलं. मग झारा खाली टाकला. "आण. पर मी शिव्या देनार. त्या तू ऐकायच्या न्हाईस."

"मी कानावर पदर घीन."

पहिल्या दिवशी मानसिंग चुलवाणात उतरला तेव्हा गुऱ्हाळावरचे सगळे हातातलं काम टाकून बघायला लागले. त्याचा घामानं सदरा भिजला. चिपाडं एकदम ढकलायचा, मग थांबायचा. वरून कोंडीबा ओरडायचा, "आरं जाळ मेला! का तुझ्या वरातीची वाट बघतोयास?" मग, "आरं बास, बास! गूळ करायचाय, गाव पेटवायचं न्हाई!" पलीकडून नानासो हसला. बऱ्याच महिन्यांनी मानसिंगला कुणी टोमणा मारत होतं. त्यानं खालूनच उत्तर दिलं, "तात्या, पलटणीत साहेब बरा हुता तुमच्यापरीस."

"साहेबाला गूळ करायला येतो व्हय?"

त्या दिवशीचा गूळ बिघडला. काळपट आणि मऊ. ढेपेचं कापड सोडलं तर ती एका बाजूला बसली. कोंडीबानं बोट लावून चाखला आणि थुंकला. मनुबाईनं ती ढेप डोक्यावर घेऊन घरी नेली. वर्षभर तिच्या घरात चहाला तोच गूळ होता. पाहुण्यांनाही ती तोच द्यायची.

दुसऱ्या दिवशी पाळी बनुबाईच्या राहिलेल्या उसाची होती. मनुबाईला भीती होती की बनुबाई नाही म्हणेल. बनुबाई चुलवाणाच्या काठावर येऊन उभी राहिली. "मानसिंगा, माझा गूळ बिघडला तर चौघींच्या सासरची गाऱ्हाणी पुन्यांदा पयल्यापास्नं सांगीन."

"काकू, जीव गेला तरी बिघडायचा न्हाई," मानसिंग म्हणाला.

आणि नाही बिघडला. चांगला झाला असंही नाही, पण ढेप बसली.

मग तो घरोघरच्या उसाला जाळ घालत गेला. ज्या ज्या घरानं त्याचा पाय चोळला, त्या त्या घराच्या काहिलीखाली तो बसला. ज्या सुनेनं धोतर धुतलं होतं, तिच्या घरच्या उसाला त्यानं चिपाडंही स्वतः निवडून वाळवली होती. चुलवाणाच्या उबेनं पायही सैल पडायचा, हे विष्णुपंतांनाही आधी सुचलं नव्हतं. वाईट दिवस यायचे. एकदा तो भर कामात उठून वाटेला लागला होता. नानासो नुसता बरोबर चालत गेला, ओढ्यापर्यंत, आणि तिथून दोघं परत आले. त्या वेळेपुरता नानासोच्या बायकोनं जाळ सांभाळला आणि नंतर तिनं दोघांनाही सुनावलं.

मनुबाई मात्र फलटणला निरोप पाठवीना. बनुबाईनं विचारलं, नानासोनं विचारलं. ती म्हणायची, "अजून फिटलं न्हाई." एक दिवस मानसिंगच म्हणाला, "आक्का, राहीला सांग की."

"काय सांगू? बरा झालाय म्हणू? त्ये मी एकदा म्हणले हुते."

तो पायाला तेल चोळत म्हणाला, "बरा झालोय म्हणू नगं. कामावर हाय म्हण."

मनुबाईनं तसाच निरोप पाठवला. बरा झालाय म्हणत नाही, कामावर आहे, तू येऊन बघ, ट्रंक आणू नकोस. उलटा निरोप काहीच आला नाही.

हंगामाची अखेर जवळ आली होती. त्या दिवशी नानासोचा ऊस होता, शेवटचं घर. काहील भरली होती, रस तांबूस होऊन फुगत वर यायला लागला होता. ही गुळाची नाजूक वेळ असते. कोंडीबा अशा वेळी कुणाशी बोलत नाही आणि कुणाला बोलू देत नाही. नेमकी तेव्हाच बांधावरून राहीबाई आली, सुलाचं बोट धरून. हातात ट्रंक नव्हती.

मनुबाई ढेपेच्या साच्यांना कापड लावत होती. ती उठली नाही. राहीबाई सरळ चुलवाणाच्या काठाशी गेली आणि खाली बघत उभी राहिली. मानसिंगचं तोंड जाळानं लाल झालं होतं, मिशीवर राख होती. त्यानं वर पाहिलं. मुलीला पाहिलं. अर्धा उठलाही.

वरून कोंडीबा गरजला, "हात हलीव!"

मानसिंग पुन्हा खाली बसला. चिपाडांचा पेंडका आत सारत, जाळाकडे बघतच म्हणाला, "राही, जरा थांब. काहील उतरू दे."

गुऱ्हाळावरच्या सगळ्यांना वाटलं, एवढ्या दिवसांनी बायको आली आणि हा तिला थांबवतो, आता ही फिरून जाते. मनुबाईच्या हातातलं कापड हातातच राहिलं.

राहीबाई चिपाडांच्या ढिगावर बसली. सुलाला मांडीवर घेतलं. राख माखलेल्या त्या तोंडाकडे बघत पोरीनं विचारलं, "आये, त्ये कोण?"

"तुजा बा हाय. कामात हाय. झालं की येतील."

मनुबाईनं मान खाली घातली आणि साच्याला कापड नीट लावायला लागली. काहील उतरायला अजून बराच वेळ होता.